व्यावसायिक सर्फर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पात्र कसे ठरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्फिंगमधील ‘मोठी स्पर्धा’ म्हणजे नेमकी कोणती?

या खेळात सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या स्पर्धांकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत. वाचकांचा बहुतेक गोंधळ या दोन वाटा एकच समजल्यामुळे होतो.

पहिली वाट वर्ल्ड सर्फ लीगची, म्हणजे व्यावसायिक दौऱ्याची. तिच्या शिखरावर चॅम्पियनशिप टूर आहे आणि वर्षाचा जगज्जेता तिथेच ठरतो. इथे सर्फर वैयक्तिक खेळाडू म्हणून उतरतो आणि त्याचे वर्षभराचे गुण त्याची जागा ठरवतात. व्यावसायिक जागतिक दौरा 1976 मध्ये सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियाचा पीटर टाउनेंड त्याचा पहिला विजेता ठरला. 1983 पासून हा दौरा असोसिएशन ऑफ सर्फिंग प्रोफेशनल्स ही संस्था चालवत असे; तिचेच नाव 2015 मध्ये वर्ल्ड सर्फ लीग झाले.

दुसरी वाट आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेची, म्हणजेच आयएसएची. वर्ल्ड सर्फिंग गेम्स ही या संघटनेची मुख्य स्पर्धा असून ऑलिंपिकच्या पात्रतेचे नियमही हीच संघटना आखते. इथे सर्फर देशाच्या संघातून खेळतो. त्यामुळे आधी राष्ट्रीय महासंघाने त्याची निवड करावी लागते.

व्यावसायिक दौऱ्यावर जाण्याची सुरुवात कुठून होते?

आपापल्या प्रदेशातून. लीगने जगाचे सात प्रदेश केले आहेत: आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया व ओशनिया, युरोप, हवाई व ताहिती, उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका. प्रत्येक प्रदेशात क्वालिफाइंग सिरीज नावाची स्पर्धामालिका होते. या मालिकेतील स्पर्धा एकाच तोलामोलाच्या नसतात. काहींच्या विजेत्याला 1,000 गुण मिळतात, तर वरच्या श्रेणीच्या स्पर्धांत त्याच्या कित्येक पट. सर्फरच्या सर्वोत्तम निकालांची बेरीज होऊन प्रादेशिक क्रमवारी लागते आणि तिच्यातील वरची मोजकी नावे पुढच्या पायरीवर जातात. प्रत्येक प्रदेशाच्या वाट्याला येणाऱ्या जागा सारख्या नसतात, कारण व्यावसायिक सर्फरांची संख्या आणि खेळाचा दर्जा प्रदेशागणिक बदलतो.

पूर्वी अशी प्रादेशिक विभागणी नव्हती. क्वालिफाइंग सिरीजची एकच जागतिक क्रमवारी असे आणि तिच्यातील पहिले दहा पुरुष थेट चॅम्पियनशिप टूरवर जात. वरच्या श्रेणीच्या स्पर्धा जगभर विखुरलेल्या असल्याने गुण मिळवण्यासाठी नवोदितांना एका खंडातून दुसऱ्या खंडात धावावे लागे आणि ज्याच्या पाठीशी प्रायोजक नाही त्याची उमेद पैशाअभावीच संपे. प्रादेशिक पद्धतीने निदान पहिल्या टप्प्यापुरती ही धावपळ कमी केली. माझ्या मते गेल्या काही वर्षांतील हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे.

चॅलेंजर सिरीज कशासाठी आहे?

प्रदेश आणि सर्वोच्च दौरा यांच्या मधली ही पायरी 2021 पासून प्रत्यक्षात आली. सातही प्रदेशांतून वर आलेले सर्फर आणि चॅम्पियनशिप टूरवरून खाली घसरलेले सर्फर इथे समोरासमोर येतात. कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच, दक्षिण आफ्रिकेतील बॅलिटो, पोर्तुगालमधील एरिसेरा आणि ब्राझीलमधील साक्वारेमा ही या मालिकेची नेहमीची ठिकाणे आहेत. मोसमाअखेर पुरुषांच्या क्रमवारीतील पहिल्या दहांना चॅम्पियनशिप टूरचे दार उघडते. महिलांसाठी अनेक वर्षे पाच जागा होत्या. 2026 च्या मोसमासाठी त्या सात झाल्या.

एखादा सर्फर चॅम्पियनशिप टूरवरील जागा स्वतःच्या क्रमांकावर राखूनही चॅलेंजर सिरीजमध्ये पहिल्या दहांत येतो, तेव्हा त्याची चॅलेंजरमधील जागा त्याच्या खालच्या सर्फरला मिळते. म्हणूनच मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत अकराव्या किंवा बाराव्या क्रमांकावरचे सर्फर स्वतःच्या हीटइतकेच (हीट म्हणजे पाण्यातील एकेक लढत) लक्ष दुसऱ्यांच्या हीटवर ठेवून असतात.

संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत कठीण टप्पा हाच आहे. चॅम्पियनशिप टूर उत्तम लाटांच्या ठिकाणी भरते आणि सर्फरला कौशल्य दाखवायला पुरेसा वाव मिळतो. चॅलेंजर सिरीजमध्ये मात्र कित्येकदा कमरेएवढ्या, वाऱ्याने विस्कटलेल्या लाटांवर चौघांच्या हीटमध्ये उतरून पहिल्या दोघांत यावे लागते. हवाईतील पाईपलाईनसारख्या लाटेच्या अजस्र नळीतून लीलया बाहेर पडणारे कित्येक सर्फर या पायरीवर वर्षानुवर्षे अडकून पडतात.

क्रमवारीचे गुण कसे मोजतात? एक मोठा विजय पुरेसा असतो का?

चॅम्पियनशिप टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला 10,000 गुण मिळतात, उपविजेत्याला 7,800, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला 6,085 आणि उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला 4,745. शेवटच्या सोळांत बाद झाल्यास 3,320, तर शेवटच्या बत्तिसांत बाद झाल्यास अवघे 1,330 गुण पदरी पडतात.

या आकड्यांवर थोडी आकडेमोड करून पाहावी. चार स्पर्धांपैकी एक जिंकून उरलेल्या तिन्हींत शेवटच्या बत्तिसांतच बाद होणाऱ्या सर्फरची बेरीज 13,990 होते. याउलट एकही स्पर्धा न जिंकता चारही वेळा उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्याची बेरीज 18,980 भरते. मात्र पहिल्या सर्फरने त्या तीन स्पर्धांत प्रत्येकी एकच फेरी जास्त काढली असती, तर तो 19,960 गुणांसह पुढे गेला असता. पात्रतेचे गणित झळाळत्या विजयांपेक्षा लवकर बाद न होण्यावर उभे आहे, ते असे.

याला जोड म्हणून बहुतेक क्रमवाऱ्यांत सर्वांत वाईट काही निकाल वगळले जातात. त्यामुळे एखादी दुखापत किंवा एखादा वाईट दिवस वर्षावर पाणी फिरवत नाही. पण वगळण्याची मुभा संपली की पुढची प्रत्येक चूक थेट बेरजेत उतरते.

एका हीटमध्ये गुण कसे दिले जातात?

हीट साधारण अर्ध्या तासाची असते. प्रत्येक लाटेला पाच परीक्षक 0 ते 10 या पट्टीवर गुण देतात, त्यांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळले जातात आणि उरलेल्या तिघांची सरासरी हा त्या लाटेचा निकाल ठरतो. समजा परीक्षकांनी 6.5, 6.8, 7.0, 7.2 आणि 7.5 गुण दिले, तर दोन्ही टोके गळून 7.00 हा आकडा राहतो. सर्फरने हीटमध्ये कितीही लाटा घेतल्या, तरी त्याच्या सर्वोत्तम दोन लाटांचीच बेरीज होते. म्हणजे कमाल गुण 20.

परीक्षक धाडस आणि काठिण्य, कसरतींतील नावीन्य, त्यांची गुंफण व विविधता आणि वेग, जोर व ओघ यांकडे पाहतात. लाटेवर जास्त वेळ टिकून राहिल्याचे वेगळे गुण नसतात.

याशिवाय प्राधान्याचा नियम आहे. प्राधान्य असलेल्या सर्फरला हवी ती लाट निवडण्याचा पहिला हक्क असतो आणि त्याने लाट पकडली की तो हक्क प्रतिस्पर्ध्याकडे जातो. शेवटची दोन मिनिटे उरली आहेत, मागे असलेल्या सर्फरला 5.98 गुण हवे आहेत आणि प्राधान्य आघाडीवरच्या सर्फरकडे आहे, असे चित्र पुष्कळदा दिसते. अशा वेळी आघाडीवरचा सर्फर फळीवर बसून, मान वळवून प्रतिस्पर्ध्याकडे पाहत राहतो. तो वल्हवू लागला की हाही वल्हवतो, आणि लाट फार चांगली नसली तर ती मुद्दाम सोडून देतो. प्राधान्य असलेल्याच्या वाटेत आल्यास अडथळ्याचा दंड लागतो आणि मोजल्या जाणाऱ्या दोन लाटांपैकी दुसरीच्या गुणांवर त्याची कुऱ्हाड पडते. वर्षभराची पात्रता अशा एखाद्या दंडाने गेल्याची उदाहरणे सर्फरांच्या तोंडी असतात.

एकदा टूरवर पोहोचले की जागा कायमची असते का?

नाही. दरवर्षी तळातले सर्फर बाहेर पडतात आणि चॅलेंजर सिरीजमधून नवे येतात. 2022 पासून तर मोसमाच्या मध्यावरच कात्री लावण्याची पद्धत सुरू झाली. 36 पुरुषांच्या यादीतून 24 आणि 18 महिलांच्या यादीतून 12 जणीच उत्तरार्धात खेळू लागल्या. या संख्येत वाइल्डकार्डधारकही, म्हणजे क्रमवारीबाहेरून प्रवेश मिळालेलेही, धरलेले होते. पहिल्याच वर्षी सर्फरांनी याविरुद्ध उघड नाराजी व्यक्त केली आणि ती रास्त होती. वर्षभर घाम गाळून टूरवर आलेल्या नवोदिताला पाच स्पर्धांत परतीचे तिकीट देणे म्हणजे त्याला जम बसवायला वेळच न देणे होय.

2026 च्या मोसमाची रचना वेगळी ठरवण्यात आली. बारा स्पर्धांपैकी पहिल्या नऊ स्पर्धांत 36 पुरुष आणि 24 महिलांचा पूर्ण ताफा, त्यानंतरच्या दोन स्पर्धांत वरचे 24 पुरुष आणि 16 महिला, आणि शेवटी हवाईतील पाईपलाईनला पुन्हा सर्वजण, अशी ही मांडणी आहे. पाईपलाईनच्या विजेत्याला 10,000 ऐवजी 15,000 गुण ठेवले आहेत. 2021 ते 2025 या काळात पहिल्या पाचांना एकाच दिवशी झुंजवून जगज्जेता ठरवला जाई. ती पद्धत यात मोडीत निघाली. त्या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण 2022 चे: स्टेफनी गिलमोर पाचव्या क्रमांकावरून एकामागून एक फेऱ्या जिंकत गेली, क्रमवारीत अव्वल असलेल्या करिसा मूरला तिने अंतिम लढतीत हरवले आणि आपले आठवे विश्वविजेतेपद मिळवले.

वाइल्डकार्ड म्हणजे काय? ते वशिल्याने मिळते का?

क्रमवारीबाहेरून दिलेल्या प्रवेशाला वाइल्डकार्ड म्हणतात. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मोसमाचा: दुखापतीमुळे किंवा अन्य सबळ कारणाने खेळू न शकलेल्या सिद्ध सर्फरला लीग जागा देते. 2022 मध्ये मानसिक स्वास्थ्यासाठी मोसमाच्या पूर्वार्धापासून दूर राहिलेला गॅब्रिएल मेदिना अशाच वाइल्डकार्डवर परतला होता. दुसरा प्रकार एकाच स्पर्धेपुरता: आयोजक स्थानिक सर्फरला किंवा खास चाचणी स्पर्धेच्या विजेत्याला संधी देतात.

वशिल्याचा आरोप होत असतो, पण निकाल पाहिले की तो फार टिकत नाही. ज्या लाटेचा खडक न खडक ठाऊक आहे तिथे स्थानिक सर्फर क्रमवारीतल्या कोणालाही भारी पडू शकतो. 2024 मध्ये ताहितीतील तेआहुपो येथे वाहिने फिएरोने वाइल्डकार्डवर उतरून स्पर्धाच जिंकली. गिलमोरचेही पहिले मोठे यश असेच आहे: 2005 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने वाइल्डकार्डवर खेळून गोल्ड कोस्टची स्पर्धा जिंकली होती. मात्र एका स्पर्धेतील असा विजय पुढच्या मोसमाची जागा आपोआप मिळवून देत नाही.

महिला आणि पुरुषांच्या बक्षिसांत फरक असतो का?

2019 च्या मोसमापासून लीगच्या स्पर्धांत दोघांना समान बक्षीस मिळते. जागा मात्र अजूनही कमी-जास्त आहेत, जरी 2026 मध्ये 18 वरून 24 वर जाऊन ते अंतर कमी झाले आहे. ऑलिंपिकमध्ये दोन्ही गटांच्या जागा पहिल्यापासून सारख्या आहेत.

ऑलिंपिकसाठी पात्रता कशी ठरते?

सर्फिंगच्या समावेशावर 2016 मध्ये शिक्कामोर्तब झाले आणि टोकियोच्या खेळांत ते पहिल्यांदा खेळले गेले. तेव्हा 20 पुरुष आणि 20 महिला होत्या. पॅरिस 2024 मध्ये दोन्ही गटांत प्रत्येकी 24 झाल्या. जागांची वाटणी दर ऑलिंपिकला नव्याने ठरते, त्यामुळे जुन्या नियमांवर विसंबून अंदाज बांधू नयेत. तरीही पॅरिसची वाटणी समजून घेतली की व्यवस्थेचा गाभा लक्षात येतो.

पॅरिससाठी चॅम्पियनशिप टूरच्या 2023 च्या क्रमवारीतून 10 पुरुष आणि 8 महिला घेतल्या गेल्या. 2023 च्या वर्ल्ड सर्फिंग गेम्समधून आफ्रिका, आशिया, युरोप आणि ओशनिया या खंडांना दोन्ही गटांत प्रत्येकी एक जागा मिळाली आणि अमेरिका खंडासाठी तीच जागा 2023 च्या पॅन अमेरिकन गेम्समधून भरली गेली. 2024 च्या वर्ल्ड सर्फिंग गेम्समधून पुरुषांच्या पाच आणि महिलांच्या सात जागा ठरल्या. प्रत्येक गटात यजमान देशासाठी एक आणि या खेळात नवख्या असलेल्या देशांसाठी एक जागा राखीव होती. उरलेल्या दोन जागा 2022 आणि 2024 च्या वर्ल्ड सर्फिंग गेम्समध्ये सांघिक कामगिरीत अव्वल ठरलेल्या देशांना मिळाल्या.

लीगच्या क्रमवारीतून आलेल्या सर्फरांनाही राष्ट्रीय संघात निवड झाल्यास वर्ल्ड सर्फिंग गेम्समध्ये उतरण्याची अट होती.

खंडांच्या जागा ठेवल्यामुळे पुढच्या क्रमांकावरचे काही उत्तम सर्फर बाहेर राहतात, अशी टीका होते. ती आकड्यांच्या दृष्टीने खरी आहे. पण निव्वळ क्रमवारी लावली असती तर ऑलिंपिकमध्ये ब्राझील, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यापलीकडे फारसे कोणी दिसले नसते. चीनची यांग सिची 2024 च्या वर्ल्ड सर्फिंग गेम्समधून पात्र ठरली. समुद्रापासून दूर, सिच्वान प्रांतातील डोंगराळ भागात वाढलेली ही मुलगी वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी आपल्या देशाची पहिली ऑलिंपिक सर्फर झाली.

जगातल्या सर्वोत्तम सर्फरांपैकी असूनही एखादा ऑलिंपिकला मुकू शकतो का?

होय, आणि त्याचे कारण बहुधा त्याच्याच देशातले सर्फर असतात. लीगच्या क्रमवारीतून एका देशाला प्रत्येक गटात दोनच जागा मिळत. 2023 च्या क्रमवारीतून ब्राझीलच्या दोन जागा फिलिपे टोलेडो आणि जोआव चियांका यांनी पटकावल्या आणि तीन वेळचा विश्वविजेता गॅब्रिएल मेदिना बाहेर राहिला. मेदिनासमोर एकच मार्ग उरला: 2024 मध्ये प्वेर्तो रिकोतील अरेसिबो येथे होणाऱ्या वर्ल्ड सर्फिंग गेम्समध्ये ब्राझीलला सांघिक अव्वल स्थान मिळवून देऊन देशासाठी तिसरी जागा कमावणे. त्याने तिथे वैयक्तिक सुवर्ण जिंकले, ब्राझीलला तिसरी जागा मिळाली आणि पॅरिस ऑलिंपिकचे सर्फिंग जिथे झाले त्या तेआहुपोच्या लाटांवर त्याने कांस्यपदक मिळवले. सुवर्ण यजमान फ्रान्सच्या कौली वास्टला आणि रौप्य ऑस्ट्रेलियाच्या जॅक रॉबिन्सनला गेले.

उलट बाजूनेही असे घडते. पॅन अमेरिकन गेम्समधील महिलांचे सुवर्ण ब्राझीलच्या तातियाना वेस्टन-वेबने जिंकले, पण ती आधीच पात्र ठरली असल्याने ती जागा रौप्यविजेत्या कॅनडाच्या सॅनोआ डेम्पफल-ओलिनकडे गेली.

हवाईचे सर्फर कोणत्या ध्वजाखाली खेळतात?

लीगमध्ये हवाईच्या, ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या. करिसा मूर लीगमध्ये हवाईची म्हणून ओळखली जाते. टोकियोचे महिलांचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मात्र अमेरिकेच्या खात्यात जमा आहे. राष्ट्रीयत्व बदलूनही खेळता येते, अर्थात नियमांच्या चौकटीत. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या कानोआ इगाराशीने जपानकडून खेळून टोकियोत रौप्यपदक मिळवले.

मोठ्या लाटांच्या स्पर्धांसाठी पात्रता कशी मिळते?

तिथे गुणांची क्रमवारी चालत नाही, निमंत्रण लागते. हवाईतील वायमेआ उपसागरातील एडी ऐकाऊ स्मृती स्पर्धा याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. अशा लाटांवर आधी केलेली कामगिरी आणि सहकाऱ्यांमधला लौकिक पाहून नावे ठरतात. निमंत्रण मिळूनही स्पर्धा होईलच असे नाही, कारण लाटांचे दर्शनी भाग सुमारे 40 फुटांपर्यंत चढल्याशिवाय ती भरवलीच जात नाही आणि कित्येक हिवाळे तसेच कोरडे जातात. 2023 मध्ये ती भरली तेव्हा जिंकलेला लूक शेपर्डसन त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून कामावर होता आणि हीटपुरती सवड काढून पाण्यात उतरला होता.

हा प्रवास परवडतो का?

पुष्कळांना नाही. प्रवेश शुल्क, विमानप्रवास, मुक्काम आणि फळ्या यांचा खर्च खालच्या पायऱ्यांवरच्या बक्षिसांतून क्वचितच भरून निघतो. त्यात स्पर्धेला दहा-बारा दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. लाटा योग्य नसतील तर आयोजक दिवस पुढे ढकलतात आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही तितके दिवस थांबावे लागू शकते. फळ्या तुटतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी निरनिराळ्या मापांच्या अनेक फळ्या न्याव्या लागतात. टोकियोच्या अंतिम लढतीत इटालो फेरेराची फळी सुरुवातीलाच मोडली होती. दुसरी हाताशी होती म्हणून तो सुवर्णापर्यंत पोहोचला.

पात्र ठरूनही जागा नाकारता येते का?

येते. केटलिन सिमर्स 2021 च्या चॅलेंजर सिरीजमधून, वयाच्या सोळाव्या वर्षी, चॅम्पियनशिप टूरसाठी पात्र ठरली होती. तिने ती जागा घेतली नाही. रिकामी जागा क्रमवारीतील पुढच्या सर्फरला मिळाली आणि सिमर्सला पुढच्या वर्षी पुन्हा चॅलेंजर सिरीज खेळूनच पात्र व्हावे लागले, कारण नाकारलेली जागा राखून ठेवण्याची सोय नियमांत नाही. ती 2023 मध्ये टूरवर आली आणि 2024 मध्ये, अठराव्या वर्षी, इतिहासातील सर्वांत तरुण विश्वविजेती ठरली.